भावकीचा निधी: बारा चुलींनी मिळून पैसा कसा उभा करायचा

भावकी लग्नाला एकत्र येते, मयताला येते, जत्रेला तर मुंबई-पुण्याहून गाड्या करून येते. पैशाची वेळ आली की मात्र ज्याचा तो. एकाच गल्लीत थोरल्या घरचा मुलगा फायनान्स कंपनीचे हप्ते फेडत असतो, मधल्या घराने बियाण्या-खतासाठी डोरलं गहाण टाकलेलं असतं आणि धाकट्या घरच्या नोकरदाराचे दीड लाख बचत खात्यात नुसते पडून असतात. तिघं रोज एकमेकांच्या अंगणातून जातात. भावकीत पैसा नसतो असं नाही. तो एका दाराने बाहेर जातो आणि दुसऱ्या दाराने महाग होऊन परत येतो.

हे थांबवायला एक साधा निधी पुरतो. भिशी आणि निधी मात्र एक नव्हेत. भिशीत रक्कम फिरते आणि शेवटचा नंबर लागला की खेळ संपतो, मागे काही साठत नाही. निधीत बचत तिथेच राहते, तिच्यातून कर्ज दिलं जातं आणि व्याज पुन्हा त्याच घरांना मिळतं.

असे निधी पैसा कमी पडला म्हणून सहसा बुडत नाहीत. 'तात्यांना हप्ता राहिलाय असं सांगणार कोण?' या एका प्रश्नावर बुडतात. म्हणून खालचे बहुतेक नियम एवढ्यासाठीच आहेत की तात्यांना कुणी तोंडाने सांगावंच लागू नये.

आधी चुली मोजा

सभासद माणूस नव्हे, चूल. वेगळी चूल म्हणजे वेगळं घर, मग आडनाव आणि वाडा एक असला तरी. दहा ते वीस चुली हा आकडा सोयीचा. दहाच्या खाली रक्कम फार हळू वाढते आणि विसाच्या वर गेलं की बैठकीत निम्मे बोलतात, निम्मे मोबाइल बघतात. बचत गटांचा आकडाही साधारण हाच, दहा ते वीस.

प्रत्येक चुलीची दोन नावं लिहा आणि त्यातलं एक बाईचं असू द्या. हे शोभेसाठी नाही. घरात किती पैसे शिल्लक आहेत आणि किती उधारी आहे याचा खरा आकडा बऱ्याचदा तिलाच ठाऊक असतो. ती बैठकीत बसली की खोटी अडचण सांगून कर्ज मागणं अवघड होतं.

लग्न होऊन गेलेल्या मुलींना सभासद करायचं का, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल. माझं मत स्पष्ट आहे: करायचं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पुढे २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर आला. तरी वाटणीच्या वेळी बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं जातं आणि निधी काढताना मात्र 'ती आता परक्या घरची' होते. तिचा हप्ता वेळेवर येणार असेल तर ती इतरांइतकीच सभासद.

पैशाआधी कागद

पहिला रुपया गोळा होण्याआधी नियम लिहून काढा. दोन पानं पुरतात. हप्ता किती आणि कोणत्या तारखेला, उशीर झाला तर दंड किती, कर्ज कशासाठी मिळेल आणि कशासाठी नाही, व्याजाचा दर, जामीन, बाहेर पडायची पद्धत. सगळं बैठकीत मोठ्याने वाचायचं, प्रत्येक चुलीच्या दोन्ही सह्या घ्यायच्या आणि एकेक प्रत घरी द्यायची. 'आपल्याआपल्यात कशाला कागद?' असं कुणीतरी म्हणेलच. बांधाच्या खटल्यात तालुक्याला खेटे घालणारे लोकही आपल्याआपल्यातलेच असतात, एवढं त्याला सांगावं.

अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही तीन पदं तीन वेगळ्या चुलींकडे द्या. भावकीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्याला अध्यक्ष करण्याचा मोह होतो. तो टाळा. त्यांना मानाने पहिल्या रांगेत बसवा, पण सही आणि वही तिथे द्या जिथे हिशेब विचारताना कुणाला संकोच वाटणार नाही. पदं दर दोन वर्षांनी बदलावीत, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा.

नावात 'बँक' हा शब्द घालू नका, कायद्याने तो असा वापरता येत नाही.

हप्ता आणि खातं

हप्ता ठरवताना सगळ्यात गरीब चुलीला झेपेल तो आकडा धरा. ज्याला जास्त टाकायचे आहेत त्याला सुरुवातीला तरी टाकू देऊ नका. एकाच घराची रक्कम निम्मी झाली की निधी त्या घराचा होतो आणि बाकीचे त्याचे कर्जदार.

तारीख उत्पन्नाकडे बघून ठरवा. दूध घालणाऱ्या घरात दर दहा दिवसांनी बिल येतं, तिथे महिन्याचा एक हप्ता तीन भागांत घेतलेला बरा. नोकरदाराचा पगार महिन्याच्या सुरुवातीला होतो, त्याची तारीख पाच. ज्या घराचं सगळं उत्पन्न उसाच्या बिलावर किंवा कापसावर आहे, त्याने हंगामात सहा महिन्यांचे हप्ते एकदम आगाऊ भरावेत. मुंबईकरांनी खात्यावर परस्पर पाठवावेत, 'गावी आलो की देतो' चालणार नाही.

खातं निधीच्या नावाने आणि तिघांपैकी दोघांच्या सहीने चालणारं हवं. खजिनदाराच्या स्वतःच्या मोबाइलवर पैसे गोळा करणं सोपं वाटतं, पण त्याच्या घरात आजारपण आलं किंवा खात्यातून त्याचाच गाडीचा हप्ता कापला गेला की गोंधळ सुरू. घरी पेटीत ठेवायची रक्कम कमाल पाच हजार. बाकी बँकेत.

मुख्य हप्त्याशिवाय प्रत्येक चुलीकडून महिन्याला शंभर रुपये वेगळे घ्या. हा दवाखान्याचा डबा. बारा चुलींचे वर्षाला १४,४०० होतात. यातून रात्री-बेरात्री ॲडमिट करायची वेळ आली तर तिघा पदाधिकाऱ्यांपैकी दोघांच्या फोनवरच्या होकारावर पाच हजारांपर्यंत रक्कम लगेच द्यायची. व्याज नाही, तीन महिन्यांत परत. बैठकीची वाट बघायची नाही. त्याच जोडीला प्रत्येक कमावत्या माणसाचा प्रधानमंत्री जीवनज्योती विमा (वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०) आणि सुरक्षा विमा (वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०) आहे का ते तपासा. मृत्यू झाल्यास पहिल्यात दोन लाख, अपघाती मृत्यूला दुसऱ्यातही दोन लाख मिळतात. घरातला कर्ता गेला तर निधीचं कर्ज विधवेच्या डोक्यावर राहू नये, यासाठी यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

कर्ज: इथेच निधी टिकतो किंवा मोडतो

बारा चुली, प्रत्येकी महिना १,००० रुपये धरू. सहा महिन्यांत ७२,००० जमतात. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे १४,४००, खात्यावर कायम ठेवायचा. उरले ५७,६००.

आता मर्यादा. कुठल्याही चुलीला तिच्या स्वतःच्या बचतीच्या तिपटीपेक्षा जास्त कर्ज नाही. सहाव्या महिन्यात प्रत्येकाची बचत ६,००० आहे, म्हणजे कमाल कर्ज १८,०००. तिघांना दिलं तर ५४,००० होतात आणि हिशेब बसतो. दोन वर्षांनी हीच मर्यादा ७२,००० होते. 'मला आत्ताच लाख पाहिजेत' म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं काम हा नियम करतो. अध्यक्षाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

व्याज महिना एक टक्का ठेवा, पण घटत्या शिल्लकेवर. फरक समजून घ्या, कारण बाहेरचे इथेच गंडवतात. ५०,००० चं कर्ज २० हप्त्यांत, दरमहा २,५०० मुद्दल. पहिल्या महिन्याचं व्याज ५००, दुसऱ्याचं ४७५, तिसऱ्याचं ४५० असं उतरत शेवटच्या महिन्याचं २५. एकूण व्याज ५,२५०. हेच 'एक टक्का फ्लॅट' म्हणून घेतलं तर दर महिन्याला ५००, म्हणजे १०,०००. दर तोच आणि व्याज जवळपास दुप्पट. गावात शेकडा तीन-पाच रुपये महिन्याने उचलणाऱ्याला तर वर्षाचे टक्के छत्तीस ते साठ पडतात.

बिनव्याजी द्यावं का, असंही विचारलं जातं. देऊ नये. बिनव्याजी पैसा सगळ्यात आधी तोच मागतो ज्याला गरज नसते.

कारणांचा क्रम लिहून ठेवा: दवाखाना, शाळा-कॉलेजची फी, शेतीचं भांडवल, धंदा. जुनं महागडं कर्ज फेडण्यासाठी द्यायला हरकत नाही, फक्त रक्कम सावकाराला समोर बसून द्यायची आणि दिलेला कागद किंवा गहाण वस्तू त्याच वेळी परत घ्यायची. लग्नासाठी मी देणार नाही. अगदीच भावकीने आग्रह धरला तर मर्यादा निम्मी ठेवा. लग्नात खर्च झालेला पैसा उत्पन्न देत नाही आणि एकाच्या लग्नात झालेला थाट पुढच्या घरावर पडतो.

प्रत्येक कर्जाला दोन जामीनदार, दोन्ही वेगळ्या चुलींचे. सख्खा भाऊ सख्ख्या भावाला जामीन नको. वचनचिठ्ठी, म्हणजे प्रॉमिसरी नोट, लिहून घ्या. तिची मुदत तीन वर्षांची असते, त्याआधी कर्ज फिटलं नाही तर नवी लिहून घ्यायला विसरू नका. आणि २०,००० किंवा त्याहून मोठी रक्कम रोख द्यायची-घ्यायची नाही, प्राप्तिकर कायद्यात कर्जाला ती मर्यादा आहे. खात्यातून खात्यात.

हप्ता चुकला तर

दंड छोटा आणि आपोआप लागणारा हवा. दिवसाला पाच रुपये पुरतात. रकमेपेक्षा वहीत 'दंड' हा शब्द आपल्या नावापुढे लागतो याचीच भीती जास्त. बैठकीच्या सुरुवातीला सचिवाने सगळ्या चुलींची बाकी क्रमाने वाचायची, शून्य असलेल्यांचीही. तात्यांची बाकी बाराव्या ओळीत आपोआप येते. कुणी काही म्हणत नाही, पुढच्या आठवड्यात पैसे येतात.

दोन हप्ते चुकले की दोन जामीनदारांनी घरी जायचं. एकट्याने नाही आणि संध्याकाळी पिऊन बसलेल्या माणसासमोर नाही. कारण खरं असेल, पाऊस लागला नाही, गाय दगावली, तर मुदत वाढवून द्या आणि ती बैठकीत लिहून घ्या. तोंडी सवलत द्यायची नाही. शेतीच्या कर्जाला मुळातच दरमहा फक्त व्याज आणि मुद्दल सुगीनंतर एकरकमी अशी सोय ठेवली तर निम्मी थकबाकी होतच नाही.

तीन महिने काहीच नाही आलं तर त्या चुलीच्या बचतीतून वळतं करायचं. उरलं तर जामीनदार. हे एकदा तरी अंमलात आणावं लागेल, तेही बहुधा एखाद्या लाडक्या माणसावर. तिथे माघार घेतली की पुढच्या वेळी कुणीच भरत नाही.

वही

एक रोजकीर्द (रोजच्या जमा-खर्चाची वही), एक सभासद खतावणी (प्रत्येक चुलीच्या नावाचं खातं असलेली वही), एक कर्ज खतावणी, एक बैठकीचं इतिवृत्त. याशिवाय प्रत्येक चुलीला पासबुक. मोबाइलवर तक्ता ठेवा, पण सही शाईनेच, त्याच बैठकीत. सहीचं पान असं दिसतं: तारीख, हजर चुली, आलेली बचत, आलेले कर्जहप्ते, आलेलं व्याज, दंड, दिलेली कर्जं, हातातली रोख, बँकेतली शिल्लक. शेवटच्या दोन आकड्यांचा आणि वहीचा मेळ बसल्याशिवाय कुणी उठायचं नाही. पाच रुपयांचा फरक असला तरी शोधायचा. पाचाची सवय लागली की पाच हजारांकडेही कुणी बघत नाही.

वर्षअखेरीला नफा वाटताना भांडण होतं, कारण कुणी उशिरा आलेला असतो आणि सगळ्यांना सारखं द्यायचं की कमी-जास्त हे ठरलेलं नसतं. त्यासाठी रुपये-महिने मोजा. एप्रिलचे १,००० रुपये मार्चअखेर बारा महिने निधीत राहिले, म्हणजे १२,००० रुपये-महिने. मेचे अकरा महिने, ११,०००. असं मार्चच्या हप्त्यापर्यंत धरलं तर वर्षभर भरणाऱ्या चुलीचे ७८,००० होतात. ऑक्टोबरपासून आलेल्या चुलीचे फक्त २१,०००. अकरा चुली पूर्ण वर्षाच्या आणि एक ऑक्टोबरची, एकूण ८,७९,०००. समजा वर्षाचं व्याज, खर्च वजा जाता, ६,१५३ रुपये आलं. भागाकार केला की दर शंभर रुपये-महिन्यांना ७० पैसे. पूर्ण वर्षवाल्यांना ५४६, उशिरा आलेल्याला १४७. अकरा गुणिले ५४६ अधिक १४७ बरोबर ६,१५३, एक पैसा इकडेतिकडे नाही. पहिल्या वर्षी ५४६ रुपये बघून कुणीतरी हसेल. हसू द्या. पहिली तीन वर्षं ही रक्कम वाटू नका, बचतीतच जमा करा.

हिशेब तपासायला पदाधिकारी नसलेली चूल निवडा, शक्यतो सुनेला किंवा कॉलेजच्या मुलीला द्या. वार्षिक वाचन जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, तेव्हा सगळे गावात असतात आणि मटण आदल्या दिवशी होऊन गेलेलं असतं.

तिसऱ्या वर्षापासून: पैशातून मालमत्ता

कर्जाची घडी बसली की एकत्र खरेदी सुरू करा. खरीपाआधी बाराही घरांची खताची आणि बियाण्याची यादी एक करून रोखीने घ्या. वर्षाची डाळ आणि गहू तसाच. उधारीवर दुकानदार लावतो ती वाढीव किंमत हीच पहिली कमाई.

औजारांचं म्हणाल तर सावड आणि इर्जिक, म्हणजे एकमेकांच्या शेतात मिळून राबायची रीत, आपल्याकडे जुनीच आहे. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तत्त्व बदललं नाही. पण सगळ्यांचा ट्रॅक्टर घ्यायच्या भानगडीत लगेच पडू नका. आधी रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, फवारणी पंप असल्या वस्तू घ्या. भाडं घरच्यांनाही लावा, बाहेरच्यापेक्षा कमी, पण फुकट नाही. फुकटच्या यंत्राला ग्रीस कुणी मारत नाही. पेरणीच्या आठवड्यात पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवा.

सामायिक विहिरीवर मोटार बसवायची असेल तर सातबाऱ्यावर प्रत्येकाच्या हिश्श्याची नोंद आधी करून घ्या, पाण्याची पाळी कागदावर आणा आणि वीजबिलाची विभागणी तासांवर ठेवा. पाणी वाटून घ्यायची शिस्त आपल्याला नवी नाही. धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसम नद्यांवरच्या फड पद्धतीत पाटकरी प्रत्येकाच्या शेतात ठरल्या क्रमाने पाणी सोडायचा आणि मालकाने स्वतः पाट फोडायचा नाही, हा दंडकच होता.

मालमत्ता कुणाच्या नावावर, हा प्रश्न पुढे सगळ्यात महाग पडतो. मुंबईत धोबी तलावला गोव्यातल्या गावांची कुडं अजून आहेत. बोटीवर जाणाऱ्या गावकऱ्याला पेटी ठेवायला आणि पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून गावाने मिळून चालवलेले हे क्लब. वर्गणी, नियम, संध्याकाळची प्रार्थना, सगळं ठरलेलं आणि जागा कुणा एकाची नाही. कोकणातल्या मंडळांच्या खोल्याही अशाच उभ्या राहिल्या. पण जिथे भाडेपावती विश्वासाने एकाच्या नावावर केली, तिथे पुनर्विकास आला की त्या एकाची मुलं मालक होतात आणि गाव बाहेर. भावकीने काही स्थावर घ्यायचंच असेल तर आधी संस्था नोंदवा, मग खरेदीखत.

धंदा काढायचा असेल, मसाला, शेवया, दूध संकलन, रोपवाटिका, तर तो निधीपासून वेगळा ठेवा. स्वतंत्र खातं, स्वतंत्र वही, आणि निधीने त्याला इतर सभासदांसारखंच कर्ज द्यावं, फुकट भांडवल नाही. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी लिज्जतचे पापड लाटायला सुरुवात केली तीही ८० रुपये उसने घेऊन, आणि उसने म्हणूनच ते फेडले.

कायद्याच्या चार गोष्टी

सुरुवातीला सगळ्यात सोपा मार्ग बचत गटाचा. त्याला नोंदणीची सक्ती नाही, ठरावाच्या प्रतीवर बँक खातं उघडते आणि सहा महिने नीट चाललेल्या गटाला बँका कर्जही देतात. नाबार्डने हे जोडून देण्याचं काम १९९२ पासून चालवलं आहे. महिलांचा गट असेल तर 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या तालुक्यातल्या कार्यकर्तीला भेटा, वह्या कशा लिहायच्या हे त्या बसून शिकवतात. अट लक्षात ठेवा: एका कुटुंबातली एकच सभासद, म्हणजे चुलीच्या दोन नावांपैकी गटाच्या यादीत एकच. म्हणून चुली वेगळ्या असल्याचा पुरावा, म्हणजे स्वतंत्र रेशनकार्ड, हाताशी हवा.

पतसंस्था काढायची हौस लगेच नको. १९६० च्या सहकार कायद्याखाली वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात, शिवाय निवडणुका, लेखापरीक्षण आणि उपनिबंधकांचं कार्यालय मागे लागतं. शेतमाल एकत्र विकायचा असेल तर दहा शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी जास्त कामाची.

बाहेरच्याची ठेव घेऊ नका. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा कडक आहे. त्यात नातेवाइकांच्या कर्जाला सूट असली तरी व्याख्या जवळच्या नात्यापुरतीच आहे, चुलत-चुलत भावकी तिच्यात बसेल असं धरून चालू नका. बाहेरच्याला व्याजाने पैसे देणंही नको, ती विनापरवाना सावकारी ठरते आणि २०१४ चा राज्याचा कायदा तिला गुन्हा मानतो.

बाहेर पडायची वाट

हे कलम सुरुवातीलाच लिहायचं असतं, तेव्हा सगळे गोडीत असतात. ज्याला बाहेर पडायचंय त्याने तीन महिने आधी लेखी कळवावं. त्याचं कर्ज आधी फिटेल, मग बचत आणि तोवरचा नफा त्याच रुपये-महिन्यांच्या हिशेबाने मिळेल, पण निधीची रोकड अडू नये म्हणून दोन-तीन हप्त्यांत. सभासद वारला तर लिहून दिलेल्या वारसाला हीच रक्कम, आणि त्या घराला हवं असेल तर त्याच खात्यावर पुढे चालू ठेवण्याचा पहिला हक्क. घर फुटून दोन चुली झाल्या तर बचत दोघांत वाटून दोन खाती करावीत, थकीत कर्ज मात्र ज्याच्या सहीचं त्याच्याकडेच.

सगळा निधीच बंद करायची वेळ आली तर तीन चतुर्थांश चुलींचा ठराव लागेल. नवं कर्ज त्या दिवसापासून बंद. आहे ते वसूल होईपर्यंत महिन्याची बैठक चालूच ठेवायची. दवाखान्याचा डबा सगळ्यात शेवटी वाटायचा. सामायिक औजारं आधी चुलींमध्येच बंद पाकिटातून बोली मागवून विकावीत, कुणी घेतलं नाही तरच बाहेर. वह्या आठ वर्षं जपून ठेवायच्या आणि त्या कुठल्या घरात आहेत हे शेवटच्या ठरावात लिहायचं.